मी न लिहिलेलं मानपत्र

चिंचवडहून आम्ही निघालो त्या संध्याकाळी सोसायटीनं आमचा सत्कार केला होता. कशाबद्दल, तर व्हिसा मिळाल्याबद्दल. पार्किंगमध्ये दोन टेबलं जोडून वर चादर टाकली होती, गणपतीतला माइक बाहेर काढला होता आणि सेक्रेटरीकाका घसा ताणून 'आपल्या सोसायटीचं नाव परदेशात नेणारं जोडपं' असं काहीतरी सांगत होते. संदीपला शाल, मला नारळ आणि ब्लाउजपीस. फाटकात टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. आई डोळे पुसत होती आणि बाबा शेवटच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते.

टॅक्सीत बसल्यावर ते मला म्हणाले, "शाल कशाची गं दिली? एका खिडकीवर कागद दिलेत, दुसऱ्या खिडकीवर पासपोर्ट परत घेतलेत. ह्यात तुम्ही केलंत काय?" लेक देश सोडून चालली आहे, आणि हा माणूस गोड बोलेल तर शपथ.

बाबा हेडमास्तर होते. एकदा मंत्री येणार म्हणून शाळेची मुलं झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी करा, असा निरोप आला. बाबांनी कळवलं, "माझी पोरं उन्हात उभी राहणार नाहीत." पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली आणि आम्हाला चांगलं घर सोडून एका खोलीत जावं लागलं. आई वर्षभर त्यांच्यावर धुसफुसत होती. मीही आईच्याच बाजूची होते, कारण नव्या शाळेत माझी एकही मैत्रीण नव्हती.

तुम्ही सोसायटीतले सगळे अजून फोनवर विचारता, "काय वैशाली, मजा ना तिकडे?" आहे ना, मजा आहे. सिडनीच्या ह्या टोकाला स्कोफिल्ड्समध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या बाजूला मोकळं रान होतं आणि त्यात घोडे चरायचे. आता तिथे घरंच घरं, सगळ्यांची छपरं करडी, आणि दर तिसऱ्या दारावर तोरण. संदीप ट्रेनने सिटीत जातो, मी तीन दिवस घरून काम करते, आमची लेक ईशा ह्या वर्षी युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत गेली. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि तरी आमचं कडाक्याचं भांडण होऊ शकतं.

समोरच्या घरात टेस राहते. फिलिपिन्सची, आमच्या आधी आलेली, इथल्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डमध्ये नर्स. आमची ओळख कचऱ्यामुळे झाली. पहिल्याच आठवड्यात मी लाल झाकणाचा बिन ठेवायच्या ऐवजी पिवळ्या झाकणाचा ठेवून आले. ही बाई ड्युटीच्या कपड्यांत रस्ता ओलांडून आली, माझा बिन स्वतः ओढत आत नेला, बरोबर तो बाहेर काढला आणि म्हणाली, "नो वरीज, मीपण हेच केलं होतं." आभार मानायला तिच्या गॅरेजमध्ये गेले तर एका बुटक्या लाकडी पाटावर बसून ती नारळ खवत होती. पाटाच्या टोकाला लोखंडी खवणी, थेट आमच्या आत्याच्या घरी होती तशी. मला तिथल्या तिथे रडू फुटलं. चिंचवड सोडताना आवरलेलं सगळं तिच्या गॅरेजमध्ये निघालं. तिनं मला पाटावर बसवलं आणि उरलेला नारळ माझ्याकडून खवून घेतला.

तेव्हापासून आमच्या गणपतीला मोदकाचं सारण टेसच्या खवणीवर होतं आणि तिच्या ख्रिसमसला चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळ घालून ती जे करते त्याचं पहिलं ताट आमच्याकडे येतं. मी त्याला नारळीभात म्हणते, ती चिडते.

टेसची आई तिकडेच आहे. ती तिला नानाय म्हणते, म्हणून आम्हीही नानायच म्हणतो. नानायचं सगळं आयुष्य खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत गेलं. बांबूच्या खांबांवर उभी घरं, खाली पाणी, दारात होड्या. मग त्यांच्या गावच्या मेयरला वाटलं, इथे भराव टाकून मोठा रस्ता आणि मॉल व्हायला पाहिजे. घरं पाडली, माणसं ट्रकमध्ये भरली आणि डोंगरात नेऊन सोडली, पुनर्वसन कॉलनीत. ओळीनं सिमेंटच्या खोल्या आणि एक दिवसाआड पाण्याचा टँकर. मासे मारणाऱ्यांना डोंगरात! ह्याला पुनर्वसन म्हणायचं असेल तर माशाला झाडावर ठेवून त्यालाही पुनर्वसन म्हणा. टेसचे वडील तिथे जाळं विणायचे, कुणासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि तिथेच गेले.

नानाय मात्र खमकी. कॉलनीतल्या बायकांना जमवून तिनं तक्रार केली, ती अजून चालू आहे. टेस दर रविवारी फोन लावते आणि आम्ही दोघी तिच्या किचनमध्ये बसून डोंगरातल्या बातम्या ऐकतो.

मग तिकडे नवं सरकार आलं. तुम्हाला वाटेल, आपल्याला काय त्याचं. मलाही तसंच वाटलं असतं, पण टेसच्या घरात ते सरकार रोज जेवायला असायचं. नेमणुकांची बातमी आली की तिचा फोन नुसता वाजत राहायचा. चर्चनंतरच्या चहाला तट पडले. टेसची मावसबहीण म्हणायची, माणसं नवीन आहेत, संधी तर द्या. टेस म्हणायची, नवीन कुठली, खुर्च्या तेवढ्या नवीन. फिलिपिनो दुकानात पैसे पाठवायच्या रांगेत लोक तावातावानं बोलायचे आणि एकमेकांचा निरोप न घेता निघून जायचे. तरीही टेस हसत असायची, जोवर ती एक नेमणूक आली नव्हती. त्यांच्या गावच्या त्या मेयरलाच पुनर्वसनाच्या नव्या मंडळावर बसवलं होतं. ज्यानं घरं पाडली तो आता घरं देणार! आणि आल्या आल्या त्याचा नियम असा, की तक्रार मागे घेतल्याचं लिहून देईल त्याच्याच नावावर खोली होईल. नानायच्या बायकांपैकी निम्म्याजणींनी सही केली. त्यांना मी बोल लावत नाही, डोक्यावर छप्पर कुणाला नको असतं. पण नानाय करत नव्हती, आणि ती करत नव्हती म्हणून बाकीच्या टिकून होत्या.

त्या माणसाचं नाव मला टेसनं सांगितलं असेलही, पण माझ्या लक्षात राहिलं नाही. आपली आडनावं त्यांना जशी, तशी त्यांची मला.

आता आमच्या इथल्या मंडळाकडे येते. आपल्या लोकांना प्रमुख पाहुणा नसेल तर कार्यक्रम केल्यासारखा वाटतच नाही. आमच्या मराठी मंडळाला काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची मदत हवी होती, त्यासाठी सगळ्या देशांच्या लोकांना घेऊन एक संध्याकाळ करायची होती. अध्यक्ष मंगेशदादा. माणूस वाईट नाही, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला धावतो. पण स्टेज दिसलं की त्याच्या अंगात येतं. कुणीतरी त्याला सांगितलं, फिलिपिन्सच्या सरकारातला एक मोठा माणूस त्याच आठवड्यात सिडनीत आहे आणि शनिवारी मोकळा आहे. झालं. शाल आली, श्रीफळ आलं, फेटा बांधणारा आला, आणि मानपत्र लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. इतकी वर्षं मंडळाची सगळी मानपत्रं मीच लिहिली आहेत. रिटायर झालेल्या डेंटिस्टलासुद्धा मी 'दंतसेवेचा दीपस्तंभ' केलं आहे. त्यामुळे मला कौतुकाच्या शब्दांची कमतरता नव्हती, फक्त माहिती हवी होती. म्हणून मी आपली उत्साहात टेसकडे गेले.

"अगं, तुमच्याकडचा एक बडा माणूस येतोय आमच्याकडे. जरा सांग ना, ह्यानं काय काय केलंय?" आणि फोनवरचं पोस्टर तिच्यापुढे धरलं.

टेस भांडी घासत होती. तिनं पोस्टर पाहिलं, हात धुतले, पुसले, मग आपला फोन काढून मला एक व्हिडिओ दाखवला. बांबूचे खांब मोडताना जो आवाज होतो तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पाण्यात भांडी तरंगत होती, आणि त्यात एक लाल खुर्ची. "ते आमचं घर," ती म्हणाली. "हे केलंय त्यानं. लिही."

मी तशीच मंगेशदादाच्या गॅरेजमध्ये गेले, तिथे कमिटीची मीटिंग चालू होती, संदीपही होता. सगळं सांगितलं. मला खरंच वाटलं होतं, ऐकलं की सगळे 'अरे बापरे' म्हणतील आणि पाहुणा रद्द होईल. कसलं काय. मंगेशदादा म्हणाला,

"वैशाली, काउन्सिलला नाव गेलंय. आता नको म्हटलं तर नाक कापलं जाईल आपलं."

"आणि घातली शाल तर?"

"शाल म्हणजे काय गं, एक पद्धत. आपण काय त्याला मत देतोय? त्यांचं राजकारण त्यांच्याकडे. आपण ह्या देशात पाहुणे आहोत, पाहुण्यांनी वादात पडू नये."

ह्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. कोण पाहुणे? घराचं कर्ज आपलं, काउन्सिलचे रेट्स आपण भरतो, मुलं इथे जन्मली, निवडणुकीला रांगेत उभे राहून मतदान केंद्राबाहेर विकतात ते सॉसेज खातो आपण, आणि एका माणसाला नको म्हणायची वेळ आली की लगेच पाहुणे! पुण्यात कॉर्पोरेशननं आपल्या गल्लीतला ओटा पाडला तर हीच माणसं महिनाभर ग्रुपवर रान उठवतात. मी म्हटलं, "ज्याचा सत्कार करताय त्यानं काय केलं, एवढं तरी विचारायची पद्धत पाडा." कुणीतरी म्हणालं, चहा घे. संदीपनं मला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे गं, पण आपल्याला ह्याच लोकांत राहायचंय." मी म्हटलं, "टेस काय दुसऱ्या ग्रहावर राहते? ड्राइव्हवेसमोर ड्राइव्हवे आहे तिचा."

मानपत्र मी लिहिलं नाही. ते कुणीतरी कॉम्प्युटरकडून लिहून घेतलं, 'गोरगरिबांच्या निवाऱ्याचे शिल्पकार' वगैरे.

त्या शनिवारी टेस आणि तिच्या ओळखीच्या काही नर्सबाया हॉलच्या बाहेर फुटपाथवर पुठ्ठ्याचे बोर्ड घेऊन शांत उभ्या राहिल्या. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले. थंडी मरणाची होती. आमचीच मंडळी पैठण्या सावरत आत जात होती आणि प्रत्येकजण मला म्हणत होता, "अगं, इथे काय करतेस? आत ये, वडे गरम आहेत." एकानंही बोर्ड वाचला नाही. ईशा आत लेझीममध्ये होती. मध्यंतरात ती बाहेर आली, म्हणाली, "Mum, this is so awkward." मला वाटलं, आता माझी लाज वाटते म्हणेल. पण तिनं आपलं जाकीट काढून टेसच्या खांद्यावर टाकलं आणि परत आत गेली.

इथवर असतं तरी मी गिळलं असतं. आपल्यात असे कितीतरी सत्कार होतात, चार दिवसांनी कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. पण सोमवारी त्या पाहुण्याच्या सोशल मीडियाच्या पानावर फोटो आला. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात मानपत्र, आणि खाली लिहिलेलं, की ऑस्ट्रेलियातल्या भारतीय समाजानं त्यांच्या पुनर्वसनाच्या कार्याचा गौरव केला. शिवाय मंडळाचा आल्बम जोडलेला. मंगेशदादानं त्या आल्बमला 'आपले फिलिपिनो मित्र' असं नाव देऊन, तो भरगच्च दिसावा म्हणून त्यात मागच्या गणपतीतला एक फोटो घातला होता. माझी हिरवी साडी नेसलेली, हातात मोदकांचं ताट घेऊन हसणारी टेस.

डोंगरातल्या त्या कॉलनीत तो फोटो ह्या फोनवरून त्या फोनवर गेला. लोक म्हणू लागले, आई इथे सही नको म्हणून आम्हाला अडवते, आणि लेक तिकडे साडी नेसून त्याच्यासाठी ताट घेऊन उभी! बायका टँकरच्या रांगेत नानायशी बोलेनाशा झाल्या. ज्या टिकून होत्या त्यातल्या काही सह्या करायला निघाल्या. टेसच्या भावानं तिला फोन करून फक्त विचारलं, "खरं आहे का?" सख्ख्या भावाला विचारावंसं वाटलं, ह्यातच सगळं आलं.

टेस माझ्या दारात आली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुमच्या लोकांना सांग, माझा चेहरा काढा." बस, एवढंच. आत आली नाही.

मी मंगेशदादाला फोन केला. त्यानं फोटो काढला, पण बऱ्याच वेळानं, मुलाच्या क्रिकेटवरून परत आल्यावर. मी म्हटलं, आता लिहा की ही बाई त्या कार्यक्रमात नव्हती, उलट बाहेर निषेधाला उभी होती. तो म्हणाला, "काढला ना फोटो, आता काय उगाळत बसायचं? लिहिलं तर मंडळ तोंडघशी पडेल." मी म्हटलं, मंडळ पडेल तर उठेल, तिथे एका म्हातारीच्या शब्दाची किंमत गेली आहे. तो म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस." हे वाक्य मी आयुष्यात ज्यांच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांच्यापैकी एकाच्याही मनाला कधी काही लागल्याचं मला आठवत नाही.

मंडळाच्या पानाचा पासवर्ड माझ्याकडे होता, कारण पान मीच सुरू केलं होतं. मी बसले आणि लिहिलं. मराठीत, इंग्लिशमध्ये, आणि टेसला न सांगता तिच्या मावसबहिणीकडून तिच्या भाषेत करून घेतलं. हो, त्याच, 'संधी तर द्या' म्हणणाऱ्या बहिणीकडून. ती सगळं नीट करून देऊन गेली. मी लिहिलं, की ह्या पाहुण्यानं काय केलं हे आमच्या कमिटीला आधी सांगितलं होतं, तरीही शाल घातली गेली. टेस आत नव्हती, थंडीत बाहेर उभी होती. तो फोटो जुना आहे, साडी माझी आहे, आणि ते ताट आमच्या गणपतीचं आहे. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

अर्ध्या दिवसात मंडळानं पोस्ट काढली आणि मलाही काढलं. ग्रुपमधून, कमिटीतून, आणि ह्या वर्षीच्या गणपतीच्या स्वयंपाकातूनही. ज्या बायकांबरोबर मी उकडीच्या परातीच्या पराती मळल्या, त्या आता इंडियन दुकानात मसाल्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहतात. मला लागतं ते. नाही लागत असं कोण म्हणेल? इथे आल्यावर माझं माहेर म्हणजे हे मंडळच होतं. पण पोस्ट निघेपर्यंत जिथे पोचायची तिथे पोचली होती.

तुम्ही विचारता ना, आता घर कुठलं वाटतं, इथलं की तिथलं? इतकी वर्षं मला उत्तर देता यायचं नाही. आता येतं. दुसऱ्याच्या घरी गेलं की आपण पाय पुसतो, पुढ्यात येईल ते खातो, छान झालंय म्हणतो आणि निघतो. तिथे कुणी भांडत नाही. मी इथे अशीच राहत होते, छान छान म्हणत. ह्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा इथल्या माणसांशी तोंड सोडून भांडले, इथल्या एका गोष्टीची मला रात्रंदिवस लाज वाटली, आणि तरी हे सोडून कुठे जावं असं एकदाही मनात आलं नाही. म्हणजे हेच घर. बाबांना फोनवर सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "बदली तर करत नाहीत ना तिकडे?" आणि कितीतरी वेळ हसत होते.

परवाच्या रविवारी टेसनं खिडकीतून हाक मारली. मी गेले. किचनच्या टेबलावर फोन उभा केला होता. त्यात नानाय होती आणि तिच्या मागे दाटीवाटीनं बऱ्याच बायका. माझी पोस्ट तिथे मोठ्यानं वाचून झाली होती. सह्या करायला निघालेल्यांपैकी काही थांबल्या होत्या, काही नाही. नानायनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि टेसला काहीतरी विचारलं.

"विचारतेय, हे लिहिल्यावर तुझ्या लोकांनी तुला ठेवलं का?"

मी मान हलवली, नाही.

नानाय मागच्या बायकांशी बोलली. त्यातली एक हसली, एकीनं डोळे पुसले. मग ती पुन्हा माझ्याकडे वळून दोन वाक्यं बोलली. टेसनं ती मला सांगितली.

"म्हणते, मग आमच्याकडे ये, खोलीत जागा आहे. पण आधीच सांगून ठेवते, इथून समुद्र दिसत नाही."